दहा मिनिटांत सात टाके

पत्रं लिहिण्याची खोड मला आधीपासूनची. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून येऊन मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातली सहा वर्षं मी हैदराबादला, निजामाच्या आरोग्य खात्याला, एकाच विषयावर पत्रं पाठवत होतो. विषय होता ड्रेसर लोकांच्या परीक्षेचा. जखमा धुणं, टाके घालणं, पट्ट्या बांधणं ही कामं करणारा माणूस म्हणजे ड्रेसर. त्याला सनद मिळायची ती एका परीक्षेनंतर, आणि ती परीक्षा म्हणजे निव्वळ थट्टा होती.

औरंगाबादहून परीक्षक यायचे. त्या दिवशी दवाखान्यात जो रोगी येईल तो त्या त्या उमेदवाराच्या नशिबाचा. एकाला मानेवरचं गळू मिळायचं, दुसऱ्याला कापसाच्या जिनात सापडून चेंदामेंदा झालेला हात. दोघांना गुण मात्र एकाच मापाने. त्यात तोंडी प्रश्न उर्दूतून. मी स्वतः हैदराबादेत उर्दूतूनच डॉक्टरी शिकलो, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण ज्याने आयुष्यभर राजूरच्या बाजारात भाव केला त्याला ‘नासूर’ आणि ‘वरम’, म्हणजे चिघळलेली जखम आणि सूज, यांतला फरक काय डोंबल कळणार? शिवाय कोण कुणाचा मेहुणा आणि कोणाच्या घरी साहेबांचं जेवण होतं, हे वेगळंच.

आमचा कचरू या परीक्षेत दोनदा नापास झाला होता.

कचरू राजूरकडचा. घरी थोडी जमीन होती, ती भावाच्या हातात. हा लहानपणी बैलांच्या झुली शिवायचा. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी त्याला पाणी भरायला ठेवलं होतं, पण त्याचा हात बघून त्यांनीच त्याच्या हातात सुई दिली. पहिल्या परीक्षेला त्याच्या वाट्याला तो जिनातला हात आला. त्याने दीड तास खपून तीन बोटं वाचवली. परीक्षकांनी विचारलं, सूज आणि पू यांची लक्षणं सांग. कचरू उर्दूला घाबरून “व्हय जी” एवढंच म्हणाला. नापास. दुसऱ्या वेळी त्याच्या वाट्याला रोगीच आला नाही, तर गैरहजर म्हणून नापास. माणूस दिवसभर तिथं उभा होता.

म्हणून माझी पत्रं. आणि हैदराबादेत कुणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, सहाव्या वर्षी उत्तर आलं. तुमची पद्धत लेखी पाठवा, तुमच्या भागात एकदा करून पाहू. सोबत एक नवा हुकूमही होता. येत्या परीक्षेनंतर सनद नसलेल्या माणसाने रोग्याच्या अंगाला सुई लावायची नाही. त्याने झाडलोट करावी, भांडी धुवावीत.

मी आठ दिवस बसून पद्धत लिहिली. आयुष्यात इतकं नीट मी काही लिहिलं नसेल. रोगी नाहीच. सगळ्यांना एकाच आकाराच्या पाटावर ताणून बसवलेलं बोकडाचं ताजं कातडं, त्यावर पट्टीने मोजून घेतलेला वीतभर काप. सगळ्यांना सारखी सुई, सारखा धागा. दहा मिनिटांत सात टाके. परीक्षक दुसऱ्या खोलीत बसतील; त्यांच्याकडे जाईल ते फक्त कातडं, आणि त्यावर नाव नाही, आकडा. टाक्यांतलं अंतर, गाठ, कडा, स्वच्छता, अशी गुणांची वाटणी. तोंडी प्रश्न नाहीत. आणि सात टाके वेळेत पुरे झाले नाहीत तर बाकीचे गुण मोजायचेच नाहीत.

हा शेवटचा नियम माझाच. अर्धवट शिवलेली जखम म्हणजे उघडी जखम, असं मी ठासून लिहिलं होतं. दहा मिनिटं कशी ठरवली म्हणाल, तर घरी ओट्यावर कातडं ठेवून मी स्वतः शिवून पाहिलं. मला सात मिनिटं लागली. तीन वरून दिली. मी उदार माणूस.

कचरूला मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे सगळ्याला सारखंच?”

“सगळ्यांना सारखंच.”

“बोलायचं न्हाई काही?”

“एक अक्षर नाही.”

“मंग बराबर हाय,” तो म्हणाला. पंधरा वर्षं ज्याने रोज टाके घातले त्याला सात टाक्यांचं काय, असं मलाही वाटलं. त्याला मी एकदाही घड्याळ लावून पाहिलं नाही. इतक्या वर्षांत त्याच्या शेजारी शंभरदा उभा राहिलो असेन, पण तो काम करतो कसा हे मी पाहिलं नव्हतं. टाके कसे पडलेत तेवढं पाहिलं होतं.

फसली तेराशे अठ्ठेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणचाळीसच्या, माघात परीक्षा झाली. आसपासच्या दवाखान्यांतले पाच उमेदवार आले. परीक्षक होते डॉक्टर करामत बेग. थकलेला, दम्याचा, पण सरळ माणूस. ते माझ्या खोलीत जाऊन बसले. पट्टीच्या खोलीत पाच पाट मांडले, पाच कातडी. वास सुटला होता. घड्याळ माझ्या हातात होतं, कारण पद्धत माझी.

मी “चला” म्हणालो आणि पाच सुया चालू झाल्या. भोकरदनचा रामकिसन पहिल्या टाक्यापासून झपाझप सुटला. पोरसवदा, हात हलका. कचरू शेवटच्या पाटाशी होता. त्याने पहिला टाका घातला, गाठ मारली, आणि थांबला.

मला वाटलं धागा अडकला. धागा अडकलेला नव्हता. सुई वर धरून तो तसाच उभा होता. मग अगदी हळू म्हणाला, “झालं हां, माय. दम घे.”

रामकिसन खुसकन हसला. मग सगळेच हसले. कचरूने दचकून आजूबाजूला पाहिलं, त्याच्या ध्यानात आलं, त्याने मान खाली घालून दुसरा टाका घातला. आणि पुन्हा थांबला. या वेळी तोंड मिटलेलं होतं, पण हात थांबलेला. एक, दोन, तीन, चार श्वास. मग तिसरा टाका.

तेव्हा कुठे मला कळलं की हा माणूस पंधरा वर्षं काय करत होता. भूल द्यायचं औषध आमच्याकडे मोजकं. चामडी बधिर करायचं औषध हैदराबादहून यायचं ते वर्षाकाठी दोन डबे, तेही मोठ्या कामासाठी ठेवायचे. हातापायाच्या जखमा आम्ही तशाच शिवत असू, जागेपणी. आणि हा प्रत्येक टाक्यानंतर रोग्याला दम घेऊ द्यायचा. रोग्याने मान हलवली की पुढचा. म्हणून आमच्या पट्टीच्या खोलीत ओरडा कमी असायचा. मी त्याचं श्रेय जालन्याच्या लोकांच्या सोसण्याला देत आलो होतो.

आता समोर बोकडाचं कातडं होतं आणि कचरू त्याने मान हलवायची वाट पाहत होता. त्याला कळत होतं की हे कातडं आहे. हाताला कळत नव्हतं.

नवव्या मिनिटाला त्याचे चार टाके झाले होते. घड्याळ माझ्या हातात. चार मिनिटं उशिरा “बस” म्हणालो असतो तर कुणाला कळणार होतं? बाकी सगळ्यांचं संपलं होतं, ते हात पुसत होते. कुणाजवळ घड्याळ नव्हतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. पण सहा वर्षं मी ज्याच्यासाठी भांडलो ते हेच होतं, की ओळखीच्या माणसाला चार मिनिटं जास्त मिळू नयेत. दहा झाली आणि मी “बस” म्हणालो. कचरूने पाचव्या टाक्याची गाठ तेवढ्यात मारली आणि सुई खाली ठेवली.

बेगसाहेबांनी पाच नंबरचं कातडं उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं. “ये किसका हाथ है? बहोत उम्दा. मगर अधूरा है.”

मी त्यांना सांगितलं. सगळंच सांगितलं, दम घेण्याचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, खोकले, आणि माझ्याच अक्षरातला कागद माझ्यापुढे सरकवला. “कायदा आपही का है, डॉक्टरसाब.” त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मी खाली सही केली.

संध्याकाळी कचरूची बायको द्वारकाबाई दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पदर घट्ट धरलेला. मी नियम समजावायला लागलो, तर तिने मध्येच विचारलं, “घड्याळ तुमच्याच हातात व्हतं म्हनं?”

“होय.”

ती तिथूनच मागे वळली. गेली.

हैदराबादला मी आणखी एक पत्र लिहिलं. त्यात गयावया केली, सरळच सांगतो. कचरूला एक वर्षाची मुदत मिळाली, पुढच्या माघात शेवटची संधी. तोवर सुई बंद. त्याच्या जागी भोकरदनहून रामकिसन बदलून आला. कचरू फरशी पुसू लागला, भांडी उकळू लागला. ज्या खोलीत तो मालक होता त्याच खोलीत रामकिसनला गरम पाणी नेऊन देऊ लागला.

रामकिसनबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याचे टाके स्वच्छ पडत, जखमा भरत. तो थांबत नसे एवढंच. रोग्याला दोघांनी धरायचं, तिसऱ्याने पाय दाबायचे, आणि त्याने शिवून मोकळं व्हायचं. ओरडा वाढला. मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायला लागलो.

आणि रोज दुपारी, रोगी संपले की, मी कचरूची तालीम घ्यायचो. खाटकाकडून कातडं यायचं, पाटावर ताणायचं, मी घड्याळ घेऊन समोर. “थांबू नको.” तो थांबायचा. “कचरू, थांबू नको. कातडं आहे ते.”

“ठावं हाय, साहेब. पर हात उभा ऱ्हातो.”

मग मी युक्ती काढली. गाठ बसली की मोठ्याने आकडा म्हणायचा आणि लगेच सुई टोचायची. एक, टोच. दोन, टोच. “दम घे” म्हणायच्या जागी आकडा आला. पोळ्यापर्यंत तो बारा मिनिटांवर आला, दिवाळीला नऊवर. मध्ये एकदा तो म्हणाला, “साहेब, घरी जेवतानाबी घाई व्हऊन राह्यली. द्वारका म्हनती, कोन मागं लागलंय तुमच्या.” मी हसलो. मला बरं वाटत होतं. शिकवलेलं कुणाच्या हातात उतरताना दिसलं की मास्तराला जो आनंद होतो तो मला होत होता. मी किती मूर्ख होतो हे आता लिहायला माझ्या जिवावर येतं.

वर्षभर त्याच्या सुईखाली जिवंत माणूस आला नाही. फक्त कातडं आणि माझं घड्याळ.

दुसऱ्या माघात तो सहा मिनिटांत सात टाके घालून मोकळा झाला. बेगसाहेबांनी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले. आमच्या भागात सगळ्यांत वर. कातडं कुणाचं हे कळल्यावर त्यांनी त्याला आत बोलावून शाबासकी दिली. सनद घेताना कचरूचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही. रामकिसन भोकरदनला परत गेला.

चौथ्या दिवशी गोजरबाई आली. राजूरची बाई, ज्वारी काढताना विळा पोटरीत गेला होता. भोकरदनचा दवाखाना तिला जवळ, पण नवऱ्याने गाडी जुंपून उलट्या दिशेला, इथवर आणली होती. चार वर्षांपूर्वी तिच्या पायाला कचरूने टाके घातले होते.

“त्यो दम घेऊ देनारा हाय का अजून?” तिने दारातूनच विचारलं. “त्याच्याच हातनं घालून घेनार मी.”

कचरू पुढे झाला. तिने त्याला ओळखलं, हसली. धरायला पुढे आलेल्या नवऱ्याला तिने बाजूला सारलं. “धरू नका मला. ह्यो बराबर करतो.” आणि पाय पुढे करून बसली, हात मांडीवर मोकळे सोडून.

मी दारात उभा होतो. पाहावं म्हणून उभा होतो. या वेळी तो काम करतो कसा हे मला पाहायचं होतं.

कचरूने जखम धुतली. पहिला टाका घातला, गाठ मारली. “एक,” म्हणाला, आणि सुई टोचली.

गोजरबाईने दचकून पाय आखडला. “थांब की रं दादा. दम तर घेऊ दे.”

“झालं, झालं,” कचरू म्हणाला, पण हात थांबला नाही. “दोन.” तिने त्याचं मनगट धरलं. त्याने ते सोडवलं, दांडगाईने नव्हे, धागा मोकळा करावा तसं, आणि तिसरा टाका घातला. मग ती ओरडली. नवऱ्याने धावत येऊन तिला दाबून धरलं. मी ‘थांब’ म्हणायला हवं होतं. तो शब्द मी वर्षभर ‘थांबू नको’ असा उलटा घोकून घेतला होता, आता सरळ तोंडातून निघेना. सात टाके झाले. माझं घड्याळ खिशात होतं, पण सहा मिनिटांच्या वर लागली नसतील.

टाके सुरेख होते. बेगसाहेब असते तर पन्नासपैकी पन्नास दिले असते.

पट्टी झाल्यावर गोजरबाईने डोळे पुसले आणि कचरूकडे निरखून पाहिलं. रागाने नव्हे. “मागल्या खेपी दुसरा कोनी व्हता का रं?”

कचरू भांडी उचलून मोरीकडे गेला.

आठव्या दिवशी टाके काढायचे होते. कचरूने सकाळीच कात्री आणि चिमटा उकळून ठेवला. दुपारपर्यंत गोजरबाई आली नाही. तो चारदा फाटकापर्यंत जाऊन आला. चारच्या सुमाराला राजूरचा एक माणूस खोकल्याचं औषध न्यायला आला, त्याच्याकडून कळलं की टाके तिने घरीच काढवून घेतले. सुनेने कात्रीने काढले. पाय बरा आहे.

त्याच दिवशी हैदराबादचं पत्र आलं होतं. पद्धत समाधानकारक वाटली असल्यास तसा अभिप्राय द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षापासून सगळ्या जिल्ह्यांत लागू करता येईल. मी ते टेबलावर ठेवून बसलो होतो. काय लिहायचं? जुनी पद्धत बरी होती म्हणू? ती बरी नव्हती. तिने या माणसाला दोनदा विनाकारण मातीत घातलं होतं. दम घेऊ देण्याचे गुण ठेवा म्हणू? ते कातड्यावरून कोण मोजणार, आणि कातडं काढून टाकलं की पुन्हा गळू आणि जिनातला हात. मी कचरूला आत बोलावलं आणि पत्र वाचून दाखवलं.

“लिवा की बराबर हाय म्हनून,” तो म्हणाला. “खोटं कुठं हाय त्याच्यात? मला दोनदा नापास केलं तवा कुनी काही इचारलं न्हाई. ह्या खेपी माहं कातडं बघून पास केलं. मानसं तर सारखीच मोजली ना?”

“आणि गोजरबाई?”

तो दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, “त्या दिशी मी थांबाया गेल्तो, साहेब. मनात आल्तं. पर हात निघून गेल्ता फुडं.” त्याने उजवा हात उचलून पाहिला आणि पुन्हा खाली सोडला. “तुमी मला घाई शिकवली. लई मन लावून शिकवली, दुसऱ्या कुनी येवढं केलं नसतं. आता दुपारचं पुन्हा बसू. ते थांबायचं परत शिकवा मला.”

मी त्याला विचारलं, ते आधी तू कुणाकडून शिकला होतास.

त्याने आठवून पाहिलं. “कोनाकडनं न्हाई. मानूस कन्हत असलं तर सुई फुडं जायचीच न्हाई.”

बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं, पायाला खिळा लागलेला कुणी रोगी. कचरू जायला वळला आणि उत्तरासाठी थांबला. उद्यापासून बसू, मी म्हणालो. कातडं मागवू का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो, कारण दुसरं काही मला शिकवता येत नव्हतं.